घरच्या वायफायवर कान ठेवायचा तर किती खर्च येतो?

गेल्या पावसाळ्यात आई-बाबांच्या घरी दिवाणखान्यात वायफायचा कॅमेरा बसवला. बाबांना रात्री उठताना चक्कर येते आणि मी दुसऱ्या शहरात राहते, म्हणून. महिनाभराने बाबांचा फोन आला, "अगं, रात्री तीन वाजता राउटरचा दिवा सारखा लुकलुकतो. घरात तर कुणी जागं नसतं." कॅमेऱ्याचे तोंड झोपायच्या खोलीच्या दाराकडे होते. कुणी पाहत नसताना हा कॅमेरा कुणाशी बोलतो आणि किती बोलतो, हे कळेपर्यंत मला चैन पडेना.

घाईघाईत मी आधी खरेदी केली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाऊन 'मॉनिटर मोडवाला' वायफाय अडॅप्टर मागितला आणि दोन अँटेनांचा, ३,४०० रुपयांचा अडॅप्टर घेऊन आले. अडॅप्टर उत्तम होता, पण माझ्या प्रश्नाचे उत्तर देणे त्याचे कामच नव्हते. उत्तर मिळाले ते कपाटात पडून असलेल्या लॅपटॉपवर, ८५० रुपयांच्या लॅन अडॅप्टरने आणि फुकटात मिळणाऱ्या एका कमांडने. तेव्हापासून नात्यातले, ओळखीचे कितीतरी लोक हाच प्रश्न विचारतात आणि त्यांतले निम्मे आधीच काहीतरी विकत घेऊन बसलेले असतात. त्यांच्यासाठी हा हिशेब. भाव मी हे लिहिताना दुकानात आणि ऑनलाइन पाहिलेले आहेत, जीएसटी धरून, आणि ढोबळ आहेत.

कमांडला पैसे पडत नाहीत

ती कमांड म्हणजे टीसीपीडम्प, नेटवर्कवरून जाणारी माहितीची पाकिटे ओळीओळीने दाखवणारे साधन. ते १९८८ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिले. आजही ते जगभरातल्या नेटवर्क अभियंत्यांच्या हातात आहे आणि पूर्ण मोफत आहे. मॅकमध्ये ते आधीपासून असते. लिनक्सवर एका ओळीत बसते. त्याच्या जोडीला हेच काम खिडकीत दाखवणारे वायरशार्क, आणि वायरशार्कचे टर्मिनलवर चालणारे भावंड टीशार्क, हेही मोफत. यांपैकी कशाचीही 'प्रो' आवृत्ती कुणी विकत असेल तर घेऊ नका. घरचे ट्रॅफिक पाहायला एथिकल हॅकिंगचा हजारो रुपयांचा कोर्सही लागत नाही. टीसीपीडम्पची माहितीपुस्तिका टर्मिनलमध्येच उघडते आणि ती सावकाश वाचली तर दोन संध्याकाळींत कामापुरते येते.

लॅपटॉपवर विंडोज असेल आणि ते काढायचे नसेल, तर चारशे रुपयांच्या पेनड्राइव्हवर लिनक्स टाकून त्यावरून लॅपटॉप सुरू करता येतो. आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. एवढाच काय तो पहिला खर्च.

कुठे बसून ऐकायचे

बहुतेक जण इथे अडखळतात. लॅपटॉप घरच्या वायफायला जोडला, टीसीपीडम्प चालवले, की घरातल्या सगळ्या उपकरणांचे बोलणे दिसेल, असे वाटते. तसे होत नाही. वायफाय कार्ड नेहमीच्या अवस्थेत फक्त स्वतःच्या नावाने आलेली पाकिटे वर पाठवते, बाकीची तिथेच टाकून देते. शिवाय घराचा पासवर्ड एक असला, तरी राउटर प्रत्येक उपकरणाशी वेगळी किल्ली ठरवतो. एकाच वाड्यात राहणाऱ्या बिऱ्हाडांचा दिंडीदरवाजा सामाईक आणि खोल्यांची कुलुपे मात्र वेगळी, तसे. तुमच्या लॅपटॉपला स्वतःचे बोलणे ऐकू येते, आणि इतर उपकरणांनी सगळ्यांना उद्देशून मारलेल्या हाका. आयपी पत्ता मागणे, प्रिंटर कुठे आहे विचारणे, टीव्हीने 'मी इथे आहे' म्हणणे, असल्या.

एवढ्यावर एक प्रश्न सुटतो: माझ्या वायफायवर कोण कोण आहे? त्याला शून्य रुपये लागतात. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते आणि लॅपटॉपवर एआरपी-स्कॅन नावाची कमांड तीच यादी देते. यादीत अनोळखी पत्ता दिसला म्हणून लगेच घाबरू नका. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायवर स्वतःचा खरा मॅक पत्ता (वायफाय कार्डाचा ओळखक्रमांक) लपवून बनावट पत्ता सांगतो. ओळखायची खूण अशी: पत्त्यातले दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता बनवलेला आहे. बहुतेक वेळा तो घरातल्याच कुणाच्या तरी फोनचा निघतो. प्रत्येक फोनचे वायफाय एकेक करून बंद करा आणि यादीतून काय गळते ते पाहा.

माझा प्रश्न मात्र कॅमेऱ्याचा होता. कॅमेऱ्याचे बोलणे ऐकायचे, तर त्याच्या वाटेवरच बसायला हवे. ती वाट लॅपटॉपमधूनच नेता येते. राउटरपासून लॅपटॉपला लॅनची केबल लावायची, लॅपटॉपवर हॉटस्पॉट सुरू करायचा आणि कॅमेरा राउटरऐवजी त्या हॉटस्पॉटला जोडायचा. मग कॅमेऱ्याचे प्रत्येक पाकीट लॅपटॉपमधून जाते आणि वायफायचे कुलूप लॅपटॉपनेच उघडलेले असते, कारण त्या हॉटस्पॉटचा मालक तोच.

खर्च? लॅपटॉपला लॅनचे भोक असेल तर काहीच नाही. पातळ लॅपटॉपना ते नसते, तिथे यूएसबीचा लॅन अडॅप्टर लागतो. शंभर एमबीपीएसचा चारशे-पाचशेत मिळतो, गिगाबिटवाला ८०० ते १,२०० रुपयांना. घरगुती कॅमेरा सेकंदाला एखाद-दोन मेगाबिटांपेक्षा फारसे पाठवत नाही, त्यामुळे स्वस्तातला पुरतो. मी गिगाबिटचा घेतला तो पुढे इतर कामांना उपयोगी पडेल म्हणून. केबल शंभर-दीडशेची.

दोन गोष्टी सांभाळा. घरगुती कॅमेरे बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणून हॉटस्पॉट सुरू करताना तोच पट्टा निवडा, नाहीतर कॅमेऱ्याला तो दिसणारच नाही. आणि हॉटस्पॉटला घरच्या वायफायचे नाव-पासवर्ड देऊ नका. दिलात तर घरातले फोनही आपसूक त्यावर येऊन चिकटतील आणि त्यांचे खासगी बोलणे तुमच्या फाइलमध्ये साठेल.

एक रात्र, एक फाइल

आता कमांड. ती इंग्रजी लहान लिपीत टाइप करायची. आधी सुडो, मग टीसीपीडम्प, मग हायफन-आय आणि त्यापुढे हॉटस्पॉटच्या इंटरफेसचे नाव. त्यानंतर हायफन-एन. हा हायफन-एन विसरू नका. तो नसला, तर टीसीपीडम्प प्रत्येक आयपी पत्त्याचे नाव शोधायला स्वतःच डीएनएसकडे, म्हणजे इंटरनेटवरच्या नाव-पत्त्यांच्या नोंदवहीकडे, विचारणा करत बसते आणि पडदा संथ सरकतो. शेवटी 'होस्ट' लिहून कॅमेऱ्याचा आयपी पत्ता दिला, की बाकी गलका गाळला जातो.

पडद्यावर येणारी ओळ पहिल्यांदा भीतिदायक वाटते, पण वाचायच्या जागा चारच. सुरुवातीला वेळ, सेकंदाच्या दशलक्षांश भागापर्यंत. मग कुणाकडून, मग बाणाचे चिन्ह, मग कुणाकडे, आणि ओळीच्या शेवटी लांबी. कॅमेऱ्याकडून बाहेर जाणाऱ्या ओळींत लांबी १४४८, पुन्हा १४४८, पुन्हा १४४८ अशी रांगेने दिसली, तर समजा पाकिटे काठोकाठ भरून चालली आहेत, म्हणजे चित्र किंवा क्लिप वर चढते आहे. लांबी लहान आणि अर्ध्या-एक मिनिटाच्या ठरावीक अंतराने असेल, तर ती नुसती 'मी जिवंत आहे' अशी हजेरी.

रात्रभर पाहत बसायचे नसते. हायफन-डब्ल्यू आणि फाइलचे नाव दिले, की सगळे फाइलमध्ये जाते. इथे साठवणुकीचा हिशेब आधी करा. सेकंदाला एक मेगाबिट अखंड चालले तर दिवसाला जवळजवळ ११ जीबी होतात. त्यावर दोन उपाय आहेत. हायफन-एस पुढे १२८ लिहिले, की प्रत्येक पाकिटाचे पहिले १२८ बाइटच साठतात. कोण, कुणाकडे, किती, एवढे कळायला ते पुरतात आणि फाइल दहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. दुसरा उपाय, मोठ्या लिपीतले सी आणि डब्ल्यू. सी पुढे १०० आणि डब्ल्यू पुढे २० लिहिले, तर शंभर-शंभर एमबीच्या वीस फाइली होतात आणि विसावी भरली, की पहिली पुसून तिच्या जागी नवी सुरू होते. दोन जीबीच्या वर काहीही जात नाही. वेगळी हार्डडिस्क घ्यायची गरज उरत नाही.

एक इशारा. पाकिटाचा वरचा पत्ता दिसतो, आतले पत्र दिसत नाही. आजची बहुतेक उपकरणे मजकूर टीएलएसने कुलूपबंद करून पाठवतात. कॅमेऱ्याने नेमके कोणते चित्र पाठवले, हे कोणत्याही किमतीचे यंत्र घेऊन तुम्हाला या मार्गाने दिसणार नाही. दिसते ते असे: कोणत्या नावाच्या सर्व्हरची चौकशी केली, किती वाजता, किती बाइट गेले, किती आले. ५३ क्रमांकाच्या पोर्टवरचे डीएनएसचे प्रश्न वेगळे काढून पाहिले, की नावांची यादी मिळते, आणि माझ्या अनुभवात निम्मे उत्तर त्या यादीतच असते.

आमच्या कॅमेऱ्याचे उत्तर असे निघाले. दिवसा हजेरीची बारीक पाकिटे. रात्री मात्र दर थोड्या वेळाने काही एमबीचा लोंढा. वेळा बाबांना विचारून ताडून पाहिल्या. रात्री उकाडा झाला, की ते दिवाणखान्यातला पंखा चालू ठेवत, आणि पंख्याने पडदा हलला, की कॅमेऱ्याला कुणीतरी चालत असल्याचा भास होई. क्लाउड रेकॉर्डिंगची फुकट मुदत कुणीतरी बसवतानाच सुरू करून ठेवली होती. प्रत्येक हलत्या पडद्याची क्लिप घराबाहेरच्या सर्व्हरवर जात होती. ॲपमध्ये जाऊन ती सोय बंद केली, रेकॉर्डिंग आतल्या मेमरी कार्डावर वळवले आणि दुसऱ्या रात्री परत टीसीपीडम्प लावले. फाइल पहिल्या रात्रीच्या मानाने अगदी किरकोळ निघाली. ही दुसरी रात्र महत्त्वाची. सेटिंग बदलले म्हणजे काम झाले असे धरून चालू नका, पुन्हा मोजून पाहा.

मग तो महागडा अडॅप्टर कशासाठी?

त्याचा प्रश्न वेगळा असतो: हवेत काय चालले आहे? चाळीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत वायफाय संध्याकाळी रखडते आणि इंटरनेट सेवा देणारा म्हणतो 'आमच्याकडून सगळे बरोबर आहे', तेव्हा हा अडॅप्टर कामाला येतो. मॉनिटर मोडमध्ये रेडिओ कुठल्याही वायफायला न जोडता त्या चॅनलवरच्या सगळ्या फ्रेम ऐकतो. कुणाचा सिग्नल किती जोराचा, कोण कितव्यांदा तेच पुन्हा पाठवतो आहे, कोणत्या वेगाने, हे त्यातून कळते. एअरोडम्प-एनजी आणि किस्मेट ही साधने याचसाठी आहेत, आणि टीसीपीडम्पही हे काम करते.

एका गोष्टीचा हिशेब मला फार उपयोगी वाटला. प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःच्या नावाची दवंडी पिटतो, तिला बीकन म्हणतात. २.४ गिगाहर्ट्झवर पुष्कळ राउटर ही दवंडी अजून सेकंदाला एक मेगाबिट या सर्वांत संथ वेगाने देतात. बीकन २५० बाइटची धरली, तर एकीला दोन मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. एका चॅनलवर वीस राउटर ऐकू येत असतील, तर सेकंदाला दोनशे दवंड्या, म्हणजे सेकंदातले चाळीस टक्क्यांहून अधिक नुसत्या नावे पुकारण्यात गेले. तुमचा प्लॅन शंभर एमबीपीएसचा असो की तीनशेचा, हवा तुंबलेली असेल तर महागडा प्लॅन घेऊन काही होणार नाही. ५ गिगाहर्ट्झवर हीच दवंडी निदान सहा मेगाबिटांच्या वेगाने जाते आणि तिथे चॅनलही जास्त आहेत. फोन आणि टीव्ही तिकडे हलवायला शून्य रुपये लागतात, फक्त भिंती जास्त असतील तर पल्ला कमी पडतो. हे एवढेच पाहायचे असेल, तर सोसायटीत कुणाकडे अडॅप्टर आहे का विचारा आणि तो एका संध्याकाळपुरता मागून आणा.

घ्यायचाच ठरवला, तर पेटीवरचे नाव पाहू नका, आतली चिप विचारा. अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ जुनी, फक्त २.४ गिगाहर्ट्झची, पण लिनक्समध्ये विनातक्रार चालते. दोन्ही पट्ट्यांसाठी मीडियाटेकची एमटी७६१२यू चांगली, तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहे. या चिपा असलेले अल्फा कंपनीचे अडॅप्टर साधारण ३,००० ते ६,००० रुपयांत मिळतात. आठशे-हजारात मिळणाऱ्या अडॅप्टरांबाबत जपून. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत एआर९२७१ चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची आली. नाव तेच राहिले. त्यामुळे जुने लेख वाचून ते मॉडेल मागणाऱ्याला हवे ते मिळत नाही. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घेणार असाल, तर पेनड्राइव्हवरचे लिनक्स आणि लॅपटॉप सोबत न्या, अडॅप्टर लावा, 'आयडब्ल्यू लिस्ट' ही कमांड द्या आणि यादीत 'मॉनिटर' शब्द दिसला तरच पैसे मोजा. परदेशी संकेतस्थळावरून मागवण्याचा मोह टाळा. बिनतारी उपकरणाच्या आयातीला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मंजुरी लागते, आणि ती नसली तर माल कस्टममध्ये अडकू शकतो. बिलासह भारतीय विक्रेत्याकडून घेतलेला चारशे रुपये महाग पडला तरी परवडतो.

आणखी दोन मर्यादा ठाऊक असू द्या. एक रेडिओ एका वेळी एकच चॅनल ऐकतो. आणि हवेतून टिपलेले बोलणे कुलूपबंदच असते. स्वतःच्या डब्ल्यूपीए२ नेटवर्कचा पासवर्ड दिला आणि उपकरण जोडले जातानाची चार निरोपांची देवाणघेवाण टिपलेली असली, तर वायरशार्क ते वायफायचे कुलूप उघडून दाखवते. डब्ल्यूपीए३ हे नवे कुलूप असेल तर पासवर्ड माहीत असूनही उघडत नाही. माझा ३,४०० रुपयांचा अडॅप्टर कॅमेऱ्यासाठी याच भिंतीवर अडला.

कायमचा पहारा हवा असेल तर

काहींना रोजचाच हिशेब हवा असतो. त्यांच्यासाठी दोन वाटा. एक, ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चालू शकेल असा राउटर, अडीच ते चार हजारांत. त्यावर टीसीपीडम्प थेट बसते आणि घरातली सगळी उपकरणे एका जागी दिसतात. सेवा देणाऱ्याचा डबा तसाच ठेवून हा राउटर त्याच्यामागे लावता येतो. घेण्याआधी तळाच्या चिकटपट्टीवरची आवृत्ती ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आहे का, ते नक्की पाहा, आणि फर्मवेअर बदलल्यावर हमी जाऊ शकते हे लक्षात असू द्या. दुसरी वाट रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. मेमरी महागल्यापासून त्याचे भाव चढले आहेत. बोर्ड, चार्जर, पेटी, मेमरी कार्ड धरून आठ-दहा हजारांची तयारी ठेवा. वीज मात्र नगण्य: पाच वॉटच्या हिशेबाने महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट, म्हणजे आठ रुपये दराने तीस रुपयांच्या आत. जुना लॅपटॉप वीस वॉटवर अखंड चालवला तर महिन्याचे ११५ रुपयांच्या आसपास. लॅपटॉप घरात असेल, तर पायची किंमत वसूल व्हायला कित्येक वर्षे लागतील, म्हणून मी तो घेतला नाही.

कायद्याबाबत स्पष्ट सांगते. हे सगळे स्वतःच्या नेटवर्कवर, स्वतःच्या उपकरणांसाठी. शेजाऱ्याच्या, भाडेकरूच्या किंवा ऑफिसच्या वायफायवरचे निरोप परवानगीशिवाय टिपणे हा गुन्हा ठरू शकतो. दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ मध्ये बेकायदा संदेश टिपण्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ची कलमे ४३ आणि ६६ वेगळीच. ऑफिसमध्ये करायचे असेल तर लेखी परवानगी घ्या.

घरातही विचारूनच करा. मी आई-बाबांना आधी बसवून सांगितले की दोन रात्री लॅपटॉप चालू राहील आणि त्यात फक्त कॅमेऱ्याच्या नोंदी होतील. आईने विचारले, "माझं मावशीशी बोलणं नाही ना त्यात येणार?" म्हणून तिच्यासमोर हॉटस्पॉटची यादी उघडून दाखवली. त्यात एकच उपकरण होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या दोन्ही रात्रींच्या फाइली तिच्यासमोरच पुसल्या आणि कॅमेऱ्याचे तोंड दाराकडून वळवून व्हरांड्याकडे केले.